भारत–कॅनडा तेढ, व्हिसाचे नियम आणि आपला रुग्ण

परदेशातून पंचकर्मासाठी येणारा रुग्ण ही आता केवळ केरळातील मोठ्या चिकित्सालयांची मिरासदारी राहिलेली नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे आणि गोव्यातही अनेक व्यवसायबंधूंकडे वर्षाकाठी चार-दोन तरी परदेशस्थ रुग्ण येतात. काहींच्या चिकित्सालयाचा हेमंत-शिशिरातील बराचसा भार तर त्यांच्यावरच चालतो. या रुग्णांचा आहार, निवास, सात्म्य, थंड प्रदेशातील दीर्घ वास्तव्याचा त्यांच्या अग्नीवर होणारा परिणाम यांविषयी आपल्या संमेलनांतून पुष्कळ चर्चा होते. परंतु हा रुग्ण ज्या कागदाच्या बळावर आपल्या दारापर्यंत पोहोचतो, त्या व्हिसाविषयी आपल्यात जवळजवळ काहीच बोलले जात नाही. तो विषय रुग्णाच्या प्रवास-एजंटाचा, असे समजून आपण मोकळे होतो. २०२३ साली भारत आणि कॅनडा या दोन देशांत जे घडले ते पाहता ही उदासीनता आपल्या व्यवसायास परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. टोरांटो ते मुंबई हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटरचे. पण तेथे उठलेल्या वादळाची धूळ आपल्या द्रोणीपर्यंत आली.

घटनाक्रम बहुतेकांस ठाऊक आहे. तथापि तारखा महत्त्वाच्या असल्याने थोडक्यात सांगतो. १८ जून २०२३ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सरे येथे हरदीपसिंग निज्जर याची हत्या झाली. भारताने त्यास २०२० सालीच दहशतवादी घोषित केले होते. १८ सप्टेंबर रोजी तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी या हत्येशी भारत सरकारच्या हस्तकांचा संबंध असल्याचे विश्वसनीय आरोप असल्याचे तेथील संसदेत सांगितले. भारताने हे आरोप निरर्थक व हेतुपुरस्सर म्हणून फेटाळले. दोन्ही देशांनी एकमेकांच्या एकेका अधिकाऱ्यास परत धाडले. आरोपाच्या सत्यासत्यतेचा निवाडा करणे हे या त्रैमासिकाचे काम नव्हे. आमचा संबंध २१ सप्टेंबरशी. त्या दिवशी, ऐन गणेशोत्सवात, भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणे थांबविले. आपल्या उच्चायुक्तालयास व वाणिज्य दूतावासांना येणाऱ्या धमक्यांमुळे तेथील कामकाज विस्कळीत झाले आहे, हे कारण परराष्ट्र मंत्रालयाने दिले. बंदी सर्व प्रकारच्या व्हिसांना होती, ई-व्हिसालाही होती. आणि कॅनडाच्या नागरिकाने तिसऱ्या देशातून अर्ज केला तरी त्यास ती लागू होती.

आता या तारखेशेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहावी. एप्रिल २०२२ मध्ये गांधीनगर येथे जागतिक आयुष गुंतवणूक व नवोन्मेष परिषदेत पंतप्रधानांनी परदेशी रुग्णांसाठी स्वतंत्र आयुष व्हिसाची घोषणा केली होती. प्रत्यक्षात तो यावयास सव्वा वर्ष लागले. २ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने जाहीर केले की गृह मंत्रालयाने व्हिसाच्या नियमपुस्तिकेत मेडिकल व्हिसाच्या ११ व्या प्रकरणानंतर ११-अ हे नवे प्रकरण घातले असून त्यात आयुष व्हिसाची तरतूद केली आहे. रुग्णासाठी एक, त्याच्या सोबत्यासाठी एक, आणि या दोहोंचे ई-व्हिसा, असे चार प्रकार त्यात ठरले. आपल्या अनेक ज्येष्ठांनी वर्षानुवर्षे केलेल्या मागणीस फळ आले. आम्हीही आनंदलो. ऑगस्टच्या आरंभी दार बसले आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी, निदान कॅनडाच्या रुग्णांसाठी, त्यास कडी लागली. अवघे पन्नास दिवस.

काळही पाहा कसा साधला. कॅनडातील रुग्ण साधारणतः तेथील हिवाळा चुकविण्यासाठी कार्तिकापासून पुढे येऊ लागतात. शरदातील विरेचन व रक्तमोक्षणासाठी येणारे त्याहून थोडे आधी. म्हणजे वर्षभराचे नियोजन ज्या आठवड्यांत प्रत्यक्षात उतरते तेच आठवडे बंदीत गेले. आमच्याकडील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. पती कॅनडात जन्मलेले, वय साठीच्या जवळ, संधिवाताने त्रस्त. पत्नी मूळच्या पुण्याच्या, त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओ.सी.आय. कार्ड. पतींनी आदल्या हिवाळ्यात स्नेहन-स्वेदनपूर्वक विरेचन घेतले होते व ऑक्टोबरमध्ये कर्मबस्तीसाठी यावयाचे ठरले होते. ओ.सी.आय. कार्ड असणाऱ्यांना आणि ज्यांच्याजवळ पूर्वीचा मुदतीतील व्हिसा होता त्यांना ही बंदी लागू नव्हती. परिणामी ज्यांना काही होत नव्हते त्या बाई तिकीट वाया जाऊ नये म्हणून आल्या आणि ज्यांना चिकित्सेची गरज होती ते गृहस्थ तेथेच राहिले. दूरध्वनीवरून आहारविहार सांगता येतो, क्वाथ सांगता येतो. बस्ती देता येत नाही. ते जानेवारीत आले तेव्हा ग्रह व स्तंभ इतका वाढलेला होता की पूर्वकर्मापासून पुन्हा आरंभ करावा लागला.

ही बंदी एकदम उठली नाही, टप्प्याटप्प्याने उठली, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग हाच आहे. २६ ऑक्टोबर २०२३ पासून चार प्रकारचे व्हिसा पुन्हा सुरू करण्यात आले: एंट्री, बिझनेस, मेडिकल आणि कॉन्फरन्स. पुढे २२ नोव्हेंबरपासून ई-व्हिसाही सुरू झाला. पहिल्या यादीकडे नीट पाहावे. रोगी मनुष्यास थांबवून ठेवणे योग्य नाही, हे शासनाने मान्य केले म्हणून मेडिकल व्हिसा त्या यादीत आला. परंतु तीन महिन्यांपूर्वीच ज्यास स्वतंत्र प्रकरण दिले त्या आयुष व्हिसाचे नाव त्या यादीत नव्हते. पूर्वी भारतीय चिकित्सापद्धतींचे उपचार घेऊ इच्छिणारा रुग्ण मेडिकल व्हिसाच्याच छत्राखाली येत असे. आपण स्वतंत्र छत्र मागितले, ते मिळाले, आणि पहिल्याच पावसात ते छत्र मिटलेले राहिले.

हे कोणी आयुर्वेदाच्या द्वेषाने केले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. यादी घाईत केलेली असणार आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे रूढ प्रकार असतात तेच तिच्यात आले असणार. आमचा प्रश्न निराळा आहे. रोग्याची सोय पाहताना मेडिकल हा शब्द जसा अधिकाऱ्यास आपोआप आठवतो, तसा आयुष हा शब्द का आठवू नये? याचे उत्तर शोधताना बोट आपल्याकडेच वळते. गेली वीस-पंचवीस वर्षे परदेशी रुग्णापुढे आपण पंचकर्म कशा रूपात मांडले? समुद्रकिनारा, नारळाची झाडे, कपाळावर तैलधारा, शेजारी फुलांची परडी, आणि खाली ‘सात दिवस, सहा रात्री’ अशी किंमत. शिरोधारेचे छायाचित्र विमानतळावरील पर्यटनाच्या फलकावर लागले तेव्हा आपण त्याचा अभिमान मानला. सात दिवसांत कोणते शोधन होते, संसर्जनक्रम त्यात कोठे बसतो, हे त्या फलकाला आपण कधी विचारले नाही. जी गोष्ट सहल म्हणून विकली जाते ती भांडणाच्या वेळी सहलीसोबतच बंद होते.

खुद्द आयुष व्हिसाच्या शब्दरचनेतही हा गोंधळ उतरला आहे. चिकित्सा, वेलनेस आणि योग अशा तिन्ही उद्देशांसाठी तो एकच व्हिसा आहे. पक्षाघातानंतर बस्तीसाठी येणारा रुग्ण आणि मन प्रसन्न व्हावे म्हणून पंधरा दिवस आसने शिकावयास येणारा निरोगी मनुष्य एकाच खिडकीत उभे राहतात. योगाचा अल्पमुदतीचा कार्यक्रम तर पर्यटक व्हिसावरही करता येतो. मग दोन राष्ट्रांत बिनसले असता अधिकाऱ्याने हा व्हिसा रुग्णालयाच्या बाजूस धरावा की पर्यटनाच्या? आम्ही स्वतः त्याच्या जागी असतो तर क्षणभर अडखळलो असतो.

या दोन देशांच्या बाबतीत प्रवेशाचा नियम हा वादाचा विषय प्रथमच झाला, असे मात्र नाही. १९०८ साली कॅनडाने एक नियम केला: येणाऱ्याने आपल्या मायदेशातून न थांबता सरळ एका प्रवासात यावे. भारताचे नाव त्यात कोठेही नव्हते. परंतु भारतातून कॅनडास तशी थेट बोट मिळणे शक्य नव्हते, आणि नियम करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. शिवाय आशियाई प्रवाशाजवळ २०० डॉलर रोख असावेत ही अट होती. म्हणजे दोन देशांमधील अंतर हाच परवाना नाकारण्याचा आधार केला गेला. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाटा मारू’ ही बोट ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकूव्हरच्या बंदरात गेली. मोजक्या २४ जणांना उतरू दिले, बाकीचे दोन महिने पाण्यावर राहिले आणि २३ जुलै रोजी बोट परत फिरविण्यात आली. कलकत्त्याजवळ बजबज येथे ती लागली तेव्हा प्रवाशांवर गोळीबार होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या संसदेत याबद्दल पंतप्रधानांनी क्षमा मागितली ती २०१६ साली, म्हणजे शंभरावर वर्षे लोटल्यानंतर.

स्वातंत्र्योत्तर काळात संबंध सुधारले, बिघडले, पुन्हा सुधारले. तुर्भे येथील सायरस अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली व १९६० मध्ये कार्यान्वित झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तेच साहाय्य तुटले. १९८५ च्या जूनमध्ये ‘कनिष्क’ विमानाच्या घातपातात ३२९ जीव गेले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. अणुसहकार्याचा नवा करार व्हावयास २०१० साल उजाडले. इतके सांगण्याचे कारण एवढेच की २०२३ ची घटना आकस्मिक आजार नव्हती. ज्यास आपण जीर्ण व्याधी म्हणू, ज्यात दोष लीन होऊन राहतात व निमित्त मिळताच उसळतात, त्या प्रकारातील ती होती. असे पुन्हा होणारच नाही या भरवशावर व्यवसायाचे नियोजन करणे शहाणपणाचे नाही.

उलट दिशेकडेही थोडे पाहू. भारताने कॅनडाकडे दूतावासांतील अधिकाऱ्यांच्या संख्येत समानता मागितली. दूतावासाचा आकार वाजवी व सामान्य मर्यादेत असावा असे यजमान देश सांगू शकतो, या अर्थाचे ११ वे कलम १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे. त्याचा आधार भारताने घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाने आपले ४१ अधिकारी परत नेले व २१ ठेवले. मुंबई, बंगळूर व चंदिगड येथील त्यांच्या वाणिज्य दूतावासांतील प्रत्यक्ष सेवा थांबल्या. व्हिसाचे काम पाहणाऱ्या त्यांच्या खात्याचे येथील कर्मचारी २७ वरून ५ वर आले. कॅनडाने भारतीयांसाठी व्हिसा बंद केला नव्हता. परंतु कारकून नसलेले कार्यालय आणि बंद कार्यालय यांत रांगेत उभ्या असलेल्या मनुष्यास फारसा फरक जाणवत नाही. विद्यार्थ्यांचे हाल वृत्तपत्रांतून आलेच आहेत.

आपल्या व्यवसायातील जी मंडळी व्याख्यानांसाठी वा परिषदांसाठी तिकडे जातात त्यांच्याविषयी येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. व्हिजिटर व्हिसावर जाऊन मंडळाच्या सभागृहात नाडीपरीक्षेचे शिबिर लावणे, शुल्क घेणे, सोबत नेलेल्या पुड्या देणे, हे प्रकार होत असतात आणि परत आल्यावर ते अभिमानाने सांगितलेही जातात. कॅनडाच्या नियमांनुसार पाच दिवसांहून अधिक न चालणाऱ्या चर्चासत्रात व्याख्यान देणाऱ्यास कामाचा परवाना लागत नाही. शुल्क घेऊन रुग्ण तपासणे हे मात्र काम होय, त्यास ही सवलत नाही. ऑन्टारिओ प्रांतात पारंपरिक चिनी वैद्यकास २००६ च्या कायद्याने नियंत्रित व्यवसायाचे स्थान मिळाले आहे. आयुर्वेदास ते नाही. तेथे आरोग्यसेवा देताना ‘डॉक्टर’ ही उपाधी ठराविक नियंत्रित व्यवसायांनाच लावता येते, आणि आपली बी.ए.एम.एस. पदवी त्यांत मोडत नाही. संबंध गोड असताना असल्या गोष्टींकडे डोळेझाक होते. संबंध बिघडले की तपासणारा अधिकारी प्रत्येक पिशवी उघडतो, आणि एका वैद्याच्या पिशवीत सापडलेल्या पुडीचा डाग साऱ्या वैद्यवर्गास लागतो.

औषधी निर्माते व औषधालयांचे चालक यांना येथे एक गोष्ट विशेष जाणवली असेल. माणसे थांबली, माल थांबला नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजीच व्यापारकराराची बोलणी कॅनडाने स्थगित केली होती; तरीही त्यांची मसूर आपल्याकडे येत राहिली व आपले रुग्ण तिचे पातळ कढण पीत राहिले. आपली औषधेही तिकडे जात राहिली. कारण औषधाचा परवाना राजदूताच्या खुर्चीवर अवलंबून नाही. कॅनडात १ जानेवारी २००४ पासून नैसर्गिक आरोग्य उत्पादनांचे स्वतंत्र नियम लागू आहेत. तेथील आरोग्य खाते उत्पादनाची गुणवत्ता, सुरक्षितता व उपयुक्तता यांचा पुरावा पाहून त्यास आठ अंकी नॅचरल प्रॉडक्ट नंबर देते, आणि पारंपरिक उपयोगाच्या पुराव्यात आयुर्वेदाच्या ग्रंथांस तेथे स्थान आहे. हा क्रमांक मिळविणे कष्टाचे आहे, खर्चाचे आहे. पण एकदा मिळाला की दोन पंतप्रधानांमधील अबोल्याने तो रद्द होत नाही.

मात्र याच्या पोटात एक पोटप्रश्न आहे. रुग्ण परत जाताना तीन महिन्यांची औषधे नेतो. वैयक्तिक वापरासाठी ९० दिवसांपुरता साठा नेण्यास तेथे सामान्यतः हरकत नसते. परंतु कुष्ठ, ज्यास आपण व्यवहारात उपलेट किंवा कोष्ट म्हणतो, हे द्रव्य संकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे; जटामांसी व सर्पगंधा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. रसौषधींविषयी तर बोलावयासच नको. २००४ च्या अखेरीस अमेरिकेतील बॉस्टनच्या दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल यांचे प्रमाण आढळल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, पाठोपाठ २००५ साली कॅनडाच्या आरोग्य खात्याने इशारा दिला, आणि २००६ च्या आरंभापासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी आपल्या शासनानेच सक्तीची केली. त्या निबंधाच्या पद्धतीविषयी आपले आक्षेप काहीही असोत, रुग्णाच्या पिशवीत निनावी काळी पुडी देणे आता तरी थांबावे. द्रव्यांची नावे, मात्रा, निर्मात्याचा परवाना क्रमांक असलेली बंद बाटली व सोबत चिकित्सकाचे पत्र, इतके करण्यास फारसा वेळ लागत नाही.

आता चिकित्सालयात काय करावे याविषयी. प्रथम संपर्क होताच रुग्णास प्रकृती व व्याधीचा इतिहास विचारतो त्याच बैठकीत पासपोर्ट कोणत्या देशाचा, ओ.सी.आय. कार्ड आहे काय, हातात मुदतीतील व्हिसा आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. कॅनडात सुमारे १८ लाख भारतीय वंशाचे लोक आहेत. त्यांतील ज्यांच्याकडे हे कार्ड आहे ते २०२३ च्या बंदीतही येऊ शकले. आणि जोडीदार पात्र असूनही त्याने कार्ड काढलेले नाही अशी कुटुंबे अनेक आढळतात. त्यांना ते वेळीच सुचविणे हे आमच्या मते पथ्य सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे म्हणजे मुदत. ई-मेडिकल व्हिसाची मुदत ६० दिवसांची असते. कर्मबस्तीच्या ३० बस्ती, त्यापूर्वीचे स्नेहन-स्वेदन, आणि नंतर दुप्पट परिहारकाल हे सर्व त्यात बसत नाही. व्हिसा संपतो म्हणून शेवटची बस्ती घेऊन दुसऱ्याच दिवशी रुग्णास विमानात बसविले जाते. पंधरा तासांहून अधिक काळ एका जागी बसून, हादरे सोसत केलेला प्रवास म्हणजे रथक्षोभ व अत्यासन ही दोन्ही वर्ज्ये एकाच वेळी मोडणे होय. चरकाने आठ महादोषकर भाव सांगितले ते बैलगाडीच्या काळात. विमानाच्या काळात ते अधिक लागू पडतात. म्हणून चिकित्सालयाच्या पत्रात ‘पंचकर्मासाठी’ असा मोघम शब्द न लिहिता कोणती कर्मे, किती दिवस, नंतरची विश्रांती किती, हे व्याधीच्या निदानासह लिहावे व त्या हिशोबाने योग्य मुदतीचा व्हिसा घ्यावयास सांगावे. पर्यटक व्हिसावर येऊन अंतर्रुग्ण म्हणून महिनाभर राहणाऱ्यास दाखल करून घेण्याची सवय तर सर्वस्वी सोडावी. परदेशी रुग्ण दाखल झाल्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास देणे हे रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व फॉरेनर्स कायद्यात रुग्णालये व शुश्रूषागृहे यांचा तसा स्पष्ट उल्लेख आहे. दहा खाटांचे आमचे लहान चिकित्सालय, आम्हास कोण विचारतो, हा युक्तिवाद चालणार नाही. आणि नोंदच नसेल तर आपल्याकडे किती परदेशी रुग्ण खरोखर चिकित्सेसाठी येतात हे शासनास सांगावयाचे तरी कशाच्या आधारे?

सांगणे मात्र आवश्यक आहे. कारण रोग्यास वेगळे काढण्याची रीत शासनापाशी आधीपासूनच आहे. २०२४ च्या ऑगस्टमधील सत्तांतरानंतर बांगलादेशात आपली व्हिसा केंद्रे मर्यादित स्वरूपात चालू राहिली तेव्हा वैद्यकीय कारणांचे अर्ज घेतले जात होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. मेडिकल व्हिसांना तेव्हाही २९ एप्रिलपर्यंतची मुदत होती. दोनच दिवस, हे खरे. परंतु इतक्या कठोर निर्णयाच्या कागदातही मेडिकल व्हिसासाठी वेगळी ओळ लिहिली गेली. कॅनडाचे उदाहरण वर आलेच आहे. या ओळीत मेडिकल शब्दापुढे आयुष हा शब्द असावा, ही आपली मागणी. तसेच आयुष व्हिसातच रोगनिदान झालेल्या व चिकित्सालयाचे पत्र असलेल्या रुग्णाचा उपप्रकार निरोगी मनुष्याच्या वेलनेस-योगापासून वेगळा काढावा. आणि ज्याचे शोधनकर्म सुरू झालेले आहे त्यास, देश कोणताही असो, ते व परिहारकाल पूर्ण करू द्यावा. देशाच्या सुरक्षेपुढे वैद्याचा आग्रह गौण आहे हे आम्ही जाणतो. संशयित मनुष्यास नाकारण्याचा अधिकार शासनाचाच आहे आणि असावा. प्रश्न आहे तो सरसकट बंदीतून अपवाद काढताना आपला रुग्ण कोणत्या रकान्यात धरला जातो याचा.

सध्याचा काळ या अर्जासाठी अनुकूल वाटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा अधिकारी काढून लावले तेव्हा संबंध अगदी तळास गेले होते. त्यानंतर कॅनडात नेतृत्व बदलले. जून २०२५ मध्ये कॅननॅस्किस येथील जी-७ बैठकीच्या वेळी नरेंद्र मोदी व मार्क कार्नी यांची भेट झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही राजधान्यांसाठी नव्या उच्चायुक्तांची नावे जाहीर झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये व्यापक व्यापारकराराची बोलणी सुरू करण्याचे ठरले. भांडण चालू असताना अपवादाची यादी कोणी लक्षपूर्वक वाचत नाही. बोलणी चालू असतानाच ती लिहून घ्यावी लागते.

आयुष व गृह या दोन्ही मंत्रालयांस द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा आम्ही संघटनेच्या कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. त्यास आधार म्हणून अनुभवांची जोड हवी. ज्या व्यवसायबंधूंकडे २१ सप्टेंबर ते २२ नोव्हेंबर २०२३ या काळात कॅनडातील रुग्णांचे ठरलेले पंचकर्म रद्द झाले अथवा लांबले, त्यांनी रुग्णाचे नाव न देता व्याधी, नियोजित कर्म, ठरलेली तारीख, अर्ज केलेल्या व्हिसाचा प्रकार आणि रुग्ण पुढे केव्हा आला किंवा आलाच नाही, एवढे एका कागदावर लिहून संघटनेच्या कार्यालयाकडे पाठवावे. औषधालयांच्या चालकांनी त्या काळात परत आलेल्या वा अडकलेल्या मालाची माहिती वेगळ्या कागदावर द्यावी. ती वाणिज्य मंत्रालयाकडे स्वतंत्रपणे पाठविण्याचा विचार आहे.